मणक्यांचे घड्याळ

पाठीवरून बोट फिरवले की एकामागून एक मणके हाताला लागतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकमेकांना जोडले गेलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४, असे एकूण ३३. बहुतेक माणसांत हा हिशेब सारखाच असतो. माळ ओवणारा मणी मोजून घेतो. गर्भात हे मणके कोण मोजते?

त्याचे उत्तर गर्भधारणेनंतरच्या साधारण विसाव्या दिवशी सापडते. तेव्हा गर्भ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो. भावी मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक सलग पट्टा असतो. डोक्याकडून शेपटाकडे या पट्ट्यांचे जोडीजोडीने तुकडे पडू लागतात. त्यांना कायखंड म्हणतात. पुढे यांच्यापासूनच मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू आणि पाठीच्या त्वचेचा आतला थर तयार होतो. पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत अशा ४२ ते ४४ जोड्या तयार होतात. पहिल्या काही जोड्या कवटीच्या मागच्या भागात सामावतात, तर शेवटच्या काही नाहीशा होतात.

हे तुकडे इतके नेमके कसे पडतात? ब्रिटनमधील जीवशास्त्रज्ञ जोनाथन कुक आणि गणितज्ञ ख्रिस्तोफर झीमन यांनी १९७६ मध्ये एक कल्पना मांडली. समजा, एक माणूस शेतातून एका चालीने चालला आहे आणि दर वेळी घंटा वाजली की तो जमिनीवर खूण करतो. दोन खुणांमधले अंतर त्याच्या चालीवर आणि घंटेच्या वेळेवर ठरेल. गर्भातही पेशींमध्ये एक घड्याळ असावे आणि डोक्याकडून शेपटाकडे सरकणारी एक सीमारेषा असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

पुरावा मिळायला दोन दशके लागली. फ्रान्समध्ये इझाबेल पालमेरिम, ऑलिव्हिए पुरकिए आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भातील एक जनुक दर ९० मिनिटांनी चालू-बंद होत असल्याचे दाखवले. कोंबडीत कायखंडांची नवी जोडीही ९० मिनिटांनीच तयार होते! झेब्राफिश या छोट्या माशात हे घड्याळ साधारण ३० मिनिटांचे, तर उंदरात सुमारे दोन तासांचे असते. माणसाचा गर्भ असा न्याहाळता येत नाही. पण मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये हा ठोका सुमारे पाच तासांनी पडतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

या घड्याळाची रचना साधी आहे. उंदरात आणि माणसात हेस-७ नावाचे जनुक एक प्रथिन तयार करते. हे प्रथिन साठले की ते स्वतःच्याच जनुकाला थांबवते. मग प्रथिनाचा साठा संपत जातो आणि जनुक पुन्हा सुरू होते. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की पुन्हा चालू, तसेच हे. सापाच्या गर्भात वाढीच्या मानाने हे घड्याळ फार भरभर चालते, म्हणून लहान लहान असे तीनशेहून अधिक कायखंड तयार होतात.

ठोका चुकला तर मात्र मणके बिघडतात. एखादा मणका अर्धाच तयार होतो, दोन मणके किंवा बरगड्या एकमेकींना चिकटतात. पाठीचा कणा एका बाजूला झुकतो. याला जन्मजात स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात सुरू होणारा कण्याचा बाक वेगळा. त्यात मणक्यांची घडण मुळात नीट असते. काही घराण्यांत डीएलएल-३ किंवा हेस-७ अशा जनुकांतील दोष यामागे आढळतात. आई-वडील दोघेही पूर्ण निरोगी असून एकेक सदोष प्रत बाळाला मिळू शकते. गरोदरपणात मधुमेह नियंत्रणात नसेल तरीही धोका वाढतो. ऑस्ट्रेलियातील सॅली डनवुडी यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवर दाखवले की, जनुकात किरकोळ दोष असताना गरोदर मादीला थोडा काळ ऑक्सिजन कमी पडला, तर पिलांच्या मणक्यांत जास्त विकृती येतात.

असे मूल जन्मले की आपल्याकडे बोट आईकडे जाते. ग्रहण पाळले नाही, जड उचलले, अमुक खाल्ले. तारखा पाहिल्या तर हे बोलणे टिकत नाही. पाळी चुकून जेमतेम आठवडा होतो तेव्हा कायखंड पडायला सुरुवात झालेली असते, आणि आणखी दोन-अडीच आठवड्यांत ते काम संपतेही. घरात गोड बातमी सांगितली जाते तोवर मणक्यांची आखणी बहुधा पूर्ण झालेली असते. ग्रहणाचा तर त्याच्याशी संबंधच नाही.

म्हणून काळजी घ्यायची ती मूल हवे असे ठरवल्यापासून. मधुमेह असल्यास तो आधी आटोक्यात आणावा, सुरू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत, धूम्रपान आणि मद्य बंद करावे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मज्जारज्जूच्या दोषांसाठी असते. तीही गर्भधारणेपूर्वीच सुरू करायची असते. बाळाच्या मणक्यांत दोष आढळल्यास मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी जरूर करून घ्यावी, कारण हे अवयवही त्याच सुमारास घडत असतात. वाढत्या वयात बाक वाढतो का, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून नियमित पाहून घ्यावे. आणि त्या आईला दोष देणे थांबवावे. उपचारांच्या धावपळीत तिला घरच्यांची साथ लागणार आहे.