खाजकुयली : उपद्रवी वेलाचा औषधी उपयोग

खाजकुयलीचा वेल शेतकऱ्यास परिचित आहे तो त्याच्या उपद्रवामुळे. पावसाळा संपल्यावर कुंपणावर व नाल्याकाठच्या झुडपांवर त्याच्या लवदार शेंगा लोंबू लागतात. ही लव अंगास लागताच असह्य खाज सुटते. कारण तिच्यात त्वचेतील प्रथिनांवर क्रिया करणारे मुकुनेन नावाचे द्रव्य असते. संस्कृतात या वेलास आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचे रक्षण करणारी, व कपिकच्छू अशी नावे आहेत. आयुर्वेदात तिच्या बियांचा उपयोग वातविकारांवर पूर्वापार होत आला आहे.

मेंदूच्या रोगाशी संबंध

कंपवातात मेंदूतील विशिष्ट पेशी हळूहळू नष्ट होतात व त्या तयार करीत असलेले डोपामीन कमी पडते. त्यामुळे हात थरथरतात, स्नायू ताठरतात व हालचाली मंदावतात. डोपामीन पोटात दिले तरी ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेवोडोपा हे द्रव्य मात्र मेंदूत पोहोचते व तेथे त्याचे डोपामीन बनते. खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते. दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये ते बियांतून वेगळे केले होते. कंपवातावर त्याचा उपयोग १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाला.

मुंबईतील डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांच्या भुकटीचा प्रयोग करून १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००४ मध्ये लंडन येथे ८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम भुकटीचा परिणाम नेहमीच्या गोळ्यांपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक वेळ टिकला. तथापि या चाचण्या लहान आहेत. बियांमुळे लक्षणे कमी होतात. नष्ट होत असलेल्या पेशींचे त्यांनी रक्षण होते, असे माणसांत सिद्ध झालेले नाही.

बी घरी खाऊ नये

बियांतील लेवोडोपाचे प्रमाण जात, जमीन व पक्वता यांप्रमाणे बदलते. त्यामुळे मूठभर बियांत औषध किती, हे घरी कळत नाही. मात्रा अधिक झाल्यास मळमळ, रक्तदाब उतरणे, अनैच्छिक हालचाली व भ्रम होऊ शकतो. कंपवाताच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने वर बियांची भुकटी घेणे विशेष धोक्याचे आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक होय.

लागवड व काढणी

लागवडीसाठी लव नसलेली किंवा खाज न आणणारी जात निवडावी. पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन घ्यावी; पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत हे पीक घेऊ नये. खरिपात पुरेसा पाऊस झाल्यावर बी टोकावे व वेलास मांडवाचा किंवा काठ्यांचा आधार द्यावा. हे द्विदल पीक असल्याने त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. शेंगा पूर्ण पक्व झाल्यावर तोडून बी चांगले वाळवावे. रानातील शेंगा तोडणाऱ्याने अंगभर कपडे व हातमोजे घालावेत, डोळे झाकावेत आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करू नये.

वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याचा संसार मुख्यतः सोयाबीन व तुरीवर चालतो. औषधी मालास गावोगावी बाजार नसतो, म्हणून खरेदीदार, दर व प्रत यांविषयी लेखी करार झाल्यावाचून मोठे क्षेत्र या पिकाखाली आणू नये. प्रथम कुंपणालगत थोडीशी लागवड करून अनुभव घ्यावा. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान व रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करणे इष्ट होय. बी पिकविणे हे शेतकऱ्याचे काम आहे. त्याची मात्रा ठरविणे मात्र वैद्य व डॉक्टरांवरच सोपवावे.