‘अनुशेष’ : एक संज्ञा आणि आरोग्यसेवेचा वाटा

वारंगा फाटा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील स्थळ. येथून एक वाट हिंगोलीकडे, दुसरी नांदेडकडे आणि तिसरी हदगावमार्गे यवतमाळकडे जाते. ‘फाटणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारे ‘फाटा’ हे नाम या स्थळास सर्वथा शोभते. परंतु येथील रुग्णास यांपैकी कोणत्या वाटेने व किती दूर न्यावे लागेल, हे शासनाने आरोग्यसेवेवरील पैसा कोणत्या मापाने वाटला यावरून ठरते. त्या मापांपैकी एका मापाचे नाव ‘अनुशेष’. प्रस्तुत टिपणात या संज्ञेचा अर्थ व तिच्या मर्यादा पाहावयाच्या आहेत.

‘शिष्’ म्हणजे उरणे. या धातूपासून ‘शेष’ हा शब्द होतो, आणि ‘अनु’ या उपसर्गामुळे त्यास ‘मागे राहून गेलेले’ अशी छटा येते. राज्यकारभाराच्या मराठीत या शब्दास नेमका अर्थ लाभला तो प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेतून. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला. आरोग्यसेवेसह नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहावयाचा, आणि मागे पडलेल्या जिल्ह्यास त्या सरासरीपर्यंत आणण्यास लागणारा खर्च म्हणजे अनुशेष, अशी ही व्याख्या होय. सर्व क्षेत्रांचा मिळून तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला. पैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी.

या व्याख्येत तीन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, मोजणीचा घटक जिल्हा आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी हा भाग परभणीच्या सरासरीत मिसळून गेलेला होता. सरासरी आतील उणीव झाकते. २०१३ साली अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीने तालुका हा घटक मानण्याकडे लक्ष वेधले, ते याच कारणाने. दुसरी, अनुशेष एका ठरावीक तारखेपर्यंतचा असतो. त्यानंतर पडलेल्या अंतरास ही संज्ञा लागू होत नाही. तिसरी, सेवा लोकसंख्येच्या निकषाने मोजली जाते. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्या धरतात, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,०००. म्हणजे ६,००० वस्तीच्या गावगटास एका वर्णनाने एक उपकेंद्र मिळते, दुसऱ्या वर्णनाने दोन. कळमनुरी तालुक्यात आंध या आदिवासी जमातीची वस्ती आहे आणि कळमनुरीस आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे; तथापि हिंगोली जिल्ह्यात घटनात्मक अनुसूचित क्षेत्र नाही. अशा ठिकाणी कागदावरील एक विशेषणही निर्णायक ठरू शकते.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकासखर्चाच्या ‘समन्यायी’ वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याची तरतूद आहे. ‘समन्यायी’ म्हणजे ‘समान’ नव्हे. सर्वांस सारखे देणे ही समानता. ज्याची उणीव अधिक त्यास अधिक देणे हा समन्याय. या तरतुदीनुसार १९९४ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळाची मुदत संपली म्हणून उणीव संपत नाही.

शेवटी एवढेच म्हणावयाचे की, इमारत उभी राहिली म्हणजे हिशेबातील अनुशेष कमी होतो. परंतु तेथे परिचारिका व औषध नसेल तर रुग्णाच्या दृष्टीने सारेच शेष राहते. संज्ञेचा अर्थ ठरविताना या दुसऱ्या शेषाचीही गणना व्हावयास हवी.