कॅमेऱ्याला कपाट नव्हे, कोरडा डबा हवा

पावसाळ्यात बेळगावातल्या घरांच्या भिंती ओलावतात आणि बंद कपाटातली हवाही दमट होते. घर लहान असले की कॅमेरा कपड्यांमागे, चामडी पिशवीत जातो. चूक इथेच होते. कापड आणि चामडे ओल धरून ठेवतात. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकट ठशांवर बुरशी पोसते. तिचे आम्ल काचेवरचा लेप खाते; मग कितीही पुसले तरी डाग जात नाही. दमट हवेत माल बुरसतो, हे तंबाखूवर जगलेल्या, जिल्ह्यातल्याच निपाणीला वेगळे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, विजेवर चालणारे कोरडे कपाट महाग आणि जागा खाणारे. खरे आहे, पण त्याची गरजच नाही. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. डबा पलंगाखालीही मावतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अति कोरडेपणाने रबर आणि वंगण सुकते. म्हणून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नको. पावसात भिजलेल्या कॅमेऱ्याची आधी बॅटरी काढा, तो पूर्ण सुकवा, मगच डब्यात ठेवा.