रद्द, स्थगित, खारीज : शब्दाचे वजन ओळखा

बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरचे लेबल दोनदा वाचतो. सरकारी कागद मात्र एखादा शब्द कानावर पडला की घडी करून कोनाड्यात ठेवून देतो. "नोंद रद्द झाली", "निर्णयाला स्थगिती मिळाली", "कायदा मागे घेतला" हे सारे आपल्याला सारखेच वाटते. पण या प्रत्येक शब्दाचे वजन निराळे असते, आणि ते न ओळखल्यामुळे अपिलाची मुदत निघून जाते. मग बैल गेला अन् झोपा केला, अशी गत होते.

आधी स्थगिती पाहू. स्थगिती म्हणजे थांबवणे. निर्णय जिवंत असतो, फक्त त्याची अंमलबजावणी थांबलेली असते. याचे ठळक उदाहरण म्हणजे २०२० सालचे तीन कृषी कायदे. जून २०२० मध्ये ते अध्यादेश म्हणून आले आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्यांचे कायदे केले. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि एक समिती नेमली. आपल्या महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेचे अनिल घनवट त्या समितीत होते. त्या वेळी अनेक गावांत लोक म्हणाले, कायदे गेले. पण कायदे गेले नव्हते. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांना हा फरक ठाऊक होता, म्हणून ते स्थगितीनंतरही उठले नाहीत.

पुढे १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याचे जाहीर केले. तरीही त्या दिवशी कायदे संपले नाहीत. जो कायदा संसदेने केला, तो संसदेनेच काढावा लागतो. २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मग कायदे खरोखर गेले. याला कायद्याच्या भाषेत निरसन म्हणतात. निरसन म्हणजे काढून टाकणे. यातही एक बारकावा आहे. तीनपैकी एक कायदा १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्ती होता. ती दुरुस्ती तेवढी काढली, मूळ कायदा होता तसाच राहिला. आपल्या बाजार समित्यांचा १९६३ चा राज्य कायदाही या सगळ्या काळात कायम होता.

कायदा गेला म्हणजे त्याखाली झालेले सगळे पुसले गेले काय? नाही. निरसन करणाऱ्या कायद्यात बहुधा 'निरसन व व्यावृत्ती' असे कलम असते. व्यावृत्ती म्हणजे राखून ठेवणे. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. म्हणून १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता आपल्याकडे लागू होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि विदर्भापुरते त्या जुन्या संहितेचे निरसन झाले. आजोबांच्या कागदावर 'भूमिस्वामी' किंवा 'भूमिधारी' असे शब्द दिसतात, ते त्या काळचे. संहिता गेली, पण जमिनीवरचा हक्क गेला नाही. त्याचे नाव बदलून 'भोगवटादार' झाले. तेव्हा जुना कागद निकामी झाला म्हणून चुलीत घालू नका.

आता आपल्या रोजच्या कामाचा शब्द, फेरफार. वारसाची किंवा खरेदीची नोंद तलाठी, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांचा पटवारी, फेरफार वहीत घेतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. कागदपत्र अपुरे असले तर ती रद्दही होते. एकदा प्रमाणित झालेली नोंद "साहेब, तेवढी खोडून द्या" असे सांगून जात नाही. तिच्याविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. मुदत साठ दिवसांची असून ती आदेश हाती पडल्यापासून मोजतात. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. नावात काना-मात्रेची किंवा लिहिण्याची चूक असेल, तर अपिलाची गरज नाही. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा.

अपील दाखल केले म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही. स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते. अपील 'खारीज' झाले, तर खालचा आदेश कायम राहिला असे समजावे. दाखल म्हणजे आत आणि खारीज म्हणजे बाहेर, हे दोन्ही शब्द मूळ अरबी असून दप्तरात जोडीनेच वावरतात.

खरेदीखताबाबत विशेष जपा. मुखत्यारपत्र देणारा ते सर्वसाधारणपणे मागे घेऊ शकतो. नोंदणी झालेले खरेदीखत मात्र एका बाजूने कागद करून रद्द होत नाही. फसवणूक झाली असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो. "आपसात मिटवू" म्हणत चार हंगाम घालवले, तर हक्क बुडण्याची वेळ येते.

आमच्या खात्याकडेही असेच दोन शब्द आहेत. कृषी केंद्राचा परवाना 'निलंबित' झाला, तर ठरावीक काळ विक्री बंद राहते आणि नंतर दुकान पुन्हा सुरू होऊ शकते. 'रद्द' झाला, तर परवानाच संपला. पण दोन्ही प्रसंगी आपली उगवणीची तक्रार निकाली निघाली असे होत नाही. ती लेखी द्यावी, पंचनामा करून घ्यावा, पावती आणि रिकामी पिशवी जपून ठेवावी. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे.

तेव्हा कोणताही आदेश हाती आला, की चार गोष्टी पाहाव्यात. शब्द नेमका कोणता आहे? आदेश कोणी दिला? तारीख काय आहे? त्यावर दाद कोणाकडे मागायची? घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल, तर तिच्याकडून कागद मोठ्याने वाचून घ्यावा. आदेश मिळाल्याची तारीख लगेच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावी आणि नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.