जुन्या जीप-मोटारीच्या रंगाचे टवके आणि तडे : मृगापूर्वी घरीच करावयाची दुरुस्ती
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागण, खोडवे, हुमणी, पाणी-पाळ्या यांवर आपण या पानात नेहमी वाचता. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. प्लॉट पाहण्यासाठी गावोगाव फिरताना अनेक सभासदांच्या अंगणात नाहीतर पत्र्याच्या शेडात जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर उभी दिसते. कोणाच्या वडिलांनी ती उसाच्या पहिल्या मोठ्या बिलातून घेतलेली, कोणाकडे ती आजोबांची आठवण म्हणून राहिलेली. इंजिनाची निगा चांगली असते. सणाला गाडीला हारही पडतो. पण बॉनेटवर, मडगार्डाच्या कडेला, दाराच्या खाली रंगाचे टवके उडालेले असतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, दिवाळीला एकदम सगळीच रंगवून घेऊ."

दिवाळीपर्यंत थांबू नये, हे सांगण्यासाठी हा लेख. मध्ये चार महिने पावसाळा आहे. जे काम मे महिन्यात आगपेटीच्या काडीने होते, तेच दिवाळीला वेल्डिंगवाल्याकडे न्यावे लागते. शिवाय ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. नवा कोरा दरवाजा किंवा मडगार्ड कंपनीकडून मागवू म्हटले तर आता तो मार्ग नाही. आहे तो पत्राच जपायचा आहे.

रंग शोभेसाठी असतो अशी आपली समजूत. शोभा आहेच, पण रंगाचे पहिले काम पत्र्याला हवा आणि पाणी लागू न देणे हे आहे. सर्वांत खाली पत्रा, त्यावर प्रायमरचे अस्तर, जिथे खळगा असेल तिथे लांबी (गॅरेजवाले पुट्टी म्हणतात), आणि वर रंगाचे हात. टवका उडाला म्हणजे हे पांघरूण तेवढ्या जागी फाटले. उसाच्या कांडीच्या कापलेल्या तोंडातून बुरशी आत शिरते, म्हणून आपण बेणेप्रक्रिया करतो. पत्र्याचेही तसेच आहे. टवका दिसतो ज्वारीच्या दाण्याएवढा, पण गंज तिथेच थांबत नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो फुगतो आणि कडेचा चांगला रंग आतून उचलून धरतो. त्या उचललेल्या रंगाखाली पाणी साचून राहते आणि गंज आणखी पुढे सरकतो. वरून आपल्याला फक्त एक बारीक फोड दिसतो.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे खत. जीपमधून पोती आणली की थोडीफार सांडतातच. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, म्हणजे मिठाचाच भाऊ. अमोनियम सल्फेटही पत्र्याला वाईट. ही खते हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि मॅटखालचा पत्रा ओला ठेवतात. खताची खेप झाली की त्याच दिवशी मॅट उचलून गाडी आतून पाण्याने धुवावी आणि उन्हात सुकवावी. बॅटरीखालचा पत्राही पाहावा. तिथे आम्ल सांडलेले असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती जागा धुतली की आम्ल मरते.

आधी गाडी नीट तपासावी. साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत उभी करावी आणि खडू घेऊन फिरावे. जिथे टवका, फोड किंवा तडा दिसेल तिथे खूण करावी. दाराची खालची कड, पायरीचा पत्रा, चाकावरच्या कमानीची आतली बाजू, काचेच्या रबराभोवतीची जागा आणि डिकीत जादा चाक ठेवण्याचा खड्डा ही गंजाची आवडती ठिकाणे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. ती बुजलेली राहिली तर बाहेरून कितीही रंग लावा, दार आतून कुजणार.

खूण केलेल्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. पत्रा करकरला किंवा आत गेला, तर तिथे रंगाचे काम उरले नाही. पत्रा कापून तुकडा जोडावा लागेल. (पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंगचे काम असेल तर टाकी आधी उतरवून घ्या, मिस्त्री कितीही ओळखीचा असो.) दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. चुंबकाला पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे खाली लांबीचा जाड थर आहे असे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही ही परीक्षा जरूर करावी, कारण लांबी आणि चकचकीत रंग यांखाली बरेच काही झाकता येते.

आता तड्यांविषयी. टवका आणि तडा यांत फरक आहे. टवका बाहेरच्या मारामुळे उडतो, म्हणजे खडी, उसाची मोळी किंवा विळा लागून. तडा आतून येतो. रंगावर रंग असे अनेक थर चढले की वरचा थर आणि खालचा थर उन्हाने सारखे ताणले जात नाहीत. मग सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या बारीक भेगा पडतात. लांबी जाड भरली असेल तर ती पत्र्याबरोबर वाकत नाही, आणि तडकते. अशा तड्यावर रंग भरला तर तो महिना-दोन महिन्यांत तिथेच पुन्हा उघडतो. तड्याचा तळ लागेपर्यंत घासणे हाच उपाय. ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. भेग वरच्या थरातलीच असेल तर थोड्या घासण्यात नाहीशी होते आणि रंगाचे दोन हात पुरतात. पत्र्यापर्यंत गेली असेल तर तेवढी जागा पत्र्यापर्यंत मोकळी करावी. बिजागरीजवळ किंवा दोन पत्र्यांच्या जोडावर सरळ रेषेत तडा असेल, तर तिथला पत्रा हलतो आहे. आधी नट-बोल्ट आणि रबरी बुश पाहावेत, मग रंग.

रंग आणण्यापूर्वी गाडीवर कोणत्या जातीचा रंग आहे हे ओळखले पाहिजे, कारण बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथेच फसतात. जुन्या गाड्यांवर साधारण तीन जाती भेटतात. एक, गॅरेजमध्ये ज्याला 'ड्यूको' म्हणतात तो नायट्रोसेल्युलोजचा रंग. १९२० नंतरच्या दशकात तो मोटारींवर आला आणि आठवड्यांचे रंगकाम दिवसांवर आणून ठेवले. दुसरा सिंथेटिक इनॅमल, आपण ट्रॉलीला मारतो त्या जातीचा. तिसरा म्हणजे हार्डनर घालून केलेला पीयू किंवा भट्टीत भाजलेला रंग. दाराच्या आतल्या कडेला पांढरे सुती फडके ड्यूकोच्या थिनरमध्ये बुडवून अर्धा मिनिट दाबून धरावे. फडक्यावर रंग सहज उतरला तर ड्यूको. रंग सुरकुतला, फुगला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर तिसरी जात. इनॅमलवर ड्यूको कधीही लावू नये, त्याचे थिनर जुना रंग उकलते आणि टवक्याच्या भोवती कडे उठते. उलट, ड्यूको चांगला घासून त्यावर इनॅमल लावता येतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याचा फवारा फुप्फुसांना फार वाईट. घरी त्याची गन चालवू नये. ते काम योग्य मास्क आणि सोय असलेल्या ठिकाणीच व्हावे.

रंग जुळवणे हे डोळ्यांचे काम आहे. डब्यावरचे नाव तेच असले तरी आपल्या गाडीचा रंग इतक्या वर्षांच्या उन्हाने विटलेला असतो. म्हणून टवक्याशेजारची जागा आधी रबिंग लावून साफ करावी, म्हणजे खरा रंग वर येतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण निघत असेल तर तेच दुकानात न्यावे. मिसळलेला रंग पत्र्याच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर, बाहेर उजेडात पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखा दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बरेच जण गाडी चमकावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलने पुसतात. त्याचा तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. टवक्याची जागा साबणाने धुवावी, वाळवावी आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून लगेच कोऱ्या फडक्याने कोरडी करावी. मग ब्लेडच्या टोकाने कडेचा सुटलेला रंग काढून टाकावा. इथे हात आखडता घेऊ नये. रंग जिथे पत्र्याला घट्ट धरून आहे तिथपर्यंत जावे, ज्वारीएवढा टवका रुपयाएवढा झाला तरी चालेल. खळग्यातला गंज १२० नंबरने घासून पत्रा पांढरा करावा, आणि कड ३२० व ४०० नंबरने पाणी लावून अशी उतरती करावी की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसे असू शकते. तेव्हा कोरडे घासून धूळ उडवू नये. पाण्याने घासावे, तोंडाला फडके बांधावे आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.

बारीक छिद्रांत अडकलेला गंज कागदाने निघत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढणारे द्रावण हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हातमोजे घालून, डब्यावर लिहिले आहे तितकाच वेळ लावावे आणि सांगितल्याप्रमाणे पुसून वा धुऊन जागा खडखडीत वाळवावी. त्यानंतर प्रायमर लगेच, त्याच तासात. उघडा घासलेला पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसेल.

प्रायमरबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ट्रॉलीला किंवा जीपला रेड ऑक्साइड मारून "गंजाचा बंदोबस्त झाला" म्हणून तसेच ठेवणारे पुष्कळ आहेत. अस्तर हे मुळात वरचा रंग धरून ठेवण्यासाठी असते. ते सच्छिद्र असते, पाणी त्यातून झिरपते. एका सभासदाच्या जीपचा पुढचा पत्रा असाच दोन पावसाळे तांबड्या अस्तरात होता. वरून नीट दिसत होता, पण कोपरा खरवडला तेव्हा खाली गंजाची पूड निघाली. गंजावरच अस्तर आणि अस्तरावर काही नाही, असा दोन्हीकडून घोटाळा झाला होता.

अस्तर वाळले की रंग. त्यासाठी शंभर-दोनशे मिली पुरतो. टवका मोहरीएवढा असेल तर आगपेटीच्या काडीचे टोक चावून मऊ करावे, नाहीतर चित्रकलेचा बारीक ब्रश घ्यावा. भिंतीला चुना देतात तसे फिरवायचे नाही. खळग्याच्या मधोमध थेंब ठेवायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळताना थिनर उडून जाते आणि रंग खाली बसतो, म्हणून एका हातात खळगा भरत नाही. तीन-चार पातळ हात, प्रत्येक वाळू देऊन, असे करत तो आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर येऊ द्यावा. एकदम जाड थेंब सोडला तर वरून साय धरते आणि आत ओला राहतो.

मग वाट पाहावी. ड्यूको दोन-चार दिवसांत घासण्याजोगा होतो. इनॅमल वरून दुसऱ्या दिवशी कोरडा वाटला तरी आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो. घाई केली की ओरखडे उठतात. नंतर खोडरबराच्या तुकड्याला २००० नंबरचा पाण्याचा पेपर गुंडाळून, साबणाचे पाणी लावून, फक्त उंचवटा घासावा. शेवटी रबिंग आणि पॉलिश. जवळून निरखले तर जागा ओळखू येईल. येऊ द्या, पाणी आत जात नाही ना, हे महत्त्वाचे.

वेळ निवडताना गाळप संपल्यानंतरचे आणि मृगाच्या आधीचे दिवस सोयीचे. गाड्या मोकळ्या असतात आणि हवा कोरडी असते. सकाळी आठ ते दहा, सावलीत. तापलेल्या बॉनेटवर रंग पसरण्यापूर्वीच वाळतो. दमट हवेत ड्यूको लावला तर थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि रंगावर पांढरट सावट येते. म्हणून वळीव पडून गेलेल्या दिवशी हे काम काढू नये.

गाडी फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीचे नियम काढले आहेत. त्यात चॅसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामाला चालवता येत नाही, तेव्हा शेतावर राबणाऱ्या जीपला त्याचा उपयोग नाही. पण आजोबांची गाडी जपून ठेवलेली असेल तर पत्रे कापून, बदलून "नवी" करण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारणा करावी. मूळ रंगही शक्य तितका राखावा.

उरलेला रंग डब्यात ठेवू नये, अर्ध्या डब्यात हवा राहते आणि रंगाला साय धरते. लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. रंगाची जात, कोणते थिनर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. ही बाटली चुलीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. पुढच्या वर्षी खडू घेऊन फिराल तेव्हा ती लागेल.