कण्यावर हात पडण्यापूर्वी

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) आणि आसपासच्या गावांत कापसाची वेचणी भरात येते. कमरेला कापडाची ओटी बांधायची, दिवसभर वाकून एकेक बोंड वेचायचे आणि संध्याकाळी कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन परतायचे. बाजारात पोती उचलणाऱ्या हमालांचे कामही असेच पाठीची परीक्षा घेणारे. मग एखाद्या दिवशी कमरेत उसण भरते. वाकलेला माणूस सरळ होत नाही आणि बसलेल्याला उठवत नाही. घरातले वडीलधारे म्हणतात, “हाडवैद्याकडे जा. एकदा दाबून दिले की मोकळे होईल.” दुसरे कोणी म्हणते, “आधी दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवा.”

विद्यार्थी मित्रांनो, या दोघांपैकी आधी कोणाचे ऐकावे? प्रश्न साधा दिसतो, पण कधी कधी त्याच्या उत्तरावर माणसाचे चालणेफिरणे अवलंबून असते. अमेरिकेत याच प्रश्नातून एक नवी व्यवस्था निघाली आहे. तेथे मणके हाताने दाबून उपचार करणाऱ्यांना ‘कायरोप्रॅक्टर’ म्हणतात. त्यांच्यापैकी काहींच्या दवाखान्यात आता ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे रुग्ण तपासून निदान व औषधोपचार करण्याचे उच्च शिक्षण घेतलेली परिचारिका, काम करते. ती तेथे काय करते, हे समजण्यासाठी आधी आपल्या पाठीची रचना पाहू.

मणक्यांची माळ

जन्माच्या वेळी आपल्या कण्यात ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके आयुष्यभर सुटे राहतात. त्याखालचे ५ मणके आणि अगदी शेवटचे साधारण ४ मणके वाढत्या वयात एकमेकांना जुळून जातात. सुट्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते आणि आतला गाभा मऊ, पाणीदार असतो. मोटारीच्या चाकातील हवा जशी खड्ड्यांचे धक्के सोसते, तशी ही चकती आपल्या चालण्याचे, उडी मारण्याचे धक्के सोसते.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाचे एक कडे असते. ही कडी एकावर एक आली की त्यांची नळी बनते. तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून पुढे मज्जातंतूंचा झुबकाच खाली जातो. तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन भाषेत ‘घोड्याचे शेपूट’ असेच नाव दिले. पायांची हालचाल, लघवी व शौच यांवरील ताबा या झुबक्याकडे असतो. कण्यावर हात ठेवणाऱ्याने ही गोष्ट कधीही विसरता कामा नये.

वीस किलोचे एकशेसाठ

पाठ दुखते का, याचे उत्तर तुमच्या पुस्तकातील तरफेच्या नियमात आहे. कमरेचा मणका हा टेकू समजा. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे साधारण ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढतात. समजा, कोणी वाकून २० किलोचे पोते उचलले आणि ते टेकूपासून पुढे ४० सेंटिमीटरवर आहे. तरफ समतोल राहण्यासाठी २० × ४० म्हणजे ८०० हा गुणाकार दुसऱ्या बाजूसही हवा. तेथे अंतर फक्त ५ सेंटिमीटर! म्हणजे स्नायूंना १६० किलो वजनाइतका ताण द्यावा लागतो, आणि त्या ताणाने मणके व चकत्या दाबल्या जातात. आपल्या धडाचे वजन तर अजून धरलेच नाही. तेच पोते अंगालगत, २० सेंटिमीटरवर धरले, तर स्नायूंवरील ताण निम्मा होतो. गुडघे वाकवून, ओझे पोटाशी धरून उचलावे असे सांगतात, ते या हिशेबामुळेच.

बहुतेक कंबरदुखी अशीच स्नायू, सांधे आणि चकत्या यांवरील ताणातून येते. थोडी काळजी घेतली आणि हालचाल चालू ठेवली, तर ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते.

‘कट्’ आवाज कशाचा?

हाडवैद्य किंवा कायरोप्रॅक्टर नेमका झटका देतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. रुग्णाला वाटते, सरकलेले हाड जागेवर बसले. खरे कारण निराळे आहे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांध्याची दोन टोके एकदम दूर ओढली गेली की आतील दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच बुडबुडे येतात, त्यातलाच हा प्रकार. हा आवाज बुडबुडा फुटण्याचा असावा असे १९७१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मांडले होते. पुढे २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटाचा सांधा मोडत असतानाच चुंबकीय प्रतिमा घेतल्या. आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना त्यांना दिसली. एकदा बोट मोडले की तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला साधारण वीस मिनिटे जावी लागतात.

तेव्हा ‘कट्’ आवाज म्हणजे उपचार यशस्वी झाल्याची खूण नव्हे. मात्र अशा हालचालीने ताठरलेला सांधा सैल होतो आणि दुखणे काही काळ कमी होते, हा अनुभव खोटा नाही. साध्या कंबरदुखीत मणके हाताळण्याचा थोडा उपयोग होतो असे चाचण्यांत दिसले आहे. तो व्यायामासारख्या इतर उपायांएवढाच आहे.

आयोवातील तो दिवस

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी झाली असे मानतात. डॅनियल डेव्हिड पामर यांचा तेथे दवाखाना होता. त्या इमारतीत झाडलोट करणारे हार्वी लिलार्ड यांना नीट ऐकू येत नसे. त्यांच्या पाठीचा एक मणका आपण दाबला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या विद्येला नाव मिळाले. मणके सरकल्यानेच बहुतेक सारे रोग होतात, असा सिद्धांतही पामर यांनी मांडला.

हा सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर उतरला नाही. लिलार्ड यांचेच उदाहरण पाहा. कानाकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कवटीतूनच जातो, पाठीच्या मणक्यांतून नाही. मग पाठ दाबून बहिरेपण कसे जाणार? आज अमेरिकेत कायरोप्रॅक्टरना महाविद्यालयीन शिक्षण व सरकारी परवाना लागतो आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण कंबर व मान यांच्या दुखण्यांपुरतेच काम करतात. पण बहुतेक राज्यांत त्यांना डॉक्टरप्रमाणे औषधे लिहून देण्याचा अधिकार नाही.

परिचारिकेची नवी भूमिका

दुसरा धागा १९६५ मधला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांची वाण असलेल्या भागांतील मुलांची तपासणी आणि उपचार अनुभवी परिचारिकांनी करावेत, असा त्यामागचा विचार होता. हीच नर्स प्रॅक्टिशनरची सुरुवात. आज तेथे या कामासाठी परिचारिकेला पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. ती रुग्ण तपासते, रक्ताच्या व क्ष-किरणांच्या तपासण्या सांगते आणि औषधे लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे काम डॉक्टरच्या देखरेखीवाचून करता येते. इतर राज्यांत डॉक्टरशी तसा करार असावा लागतो.

आता दोन्ही धागे जोडा. कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात ही परिचारिका बसली, की ती रुग्णाचा ताप आणि रक्तदाब पाहते. कोणती औषधे चालू आहेत ते विचारते, कारण रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याला झटका देणे धोक्याचे ठरू शकते. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगून पायांची ताकद जोखते, छोट्या हातोडीने गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहते. मग ती रुग्णांची तीन गटांत विभागणी करते : पहिल्या गटाला हाताचा उपचार व व्यायाम चालेल, दुसऱ्या गटाच्या आधी तपासण्या हव्यात, तिसऱ्याला आजच रुग्णालयात पाठवायला हवे.

यात एक अडचण आहे आणि ती शास्त्राची नसून व्यवहाराची आहे. दवाखाना कायरोप्रॅक्टरचा, पगार त्याच्याकडून आणि रुग्णही मणके दाबून घ्यायलाच आलेला. अशा वेळी “आज यांना हात लावू नका” असे सांगणे सोपे नसते. त्या दिवसाची फी बुडते. पण तपासणीचा आणि औषधाचा निर्णय परिचारिकेने स्वतःच्या ज्ञानावर व स्वतःच्या परवान्यावर घ्यायचा असतो. तिची सही नुसती शिक्का म्हणून वापरली, तर ती तेथे असून नसल्यासारखीच.

वाळवी लागलेला वासा

आता आपल्याकडे येऊ. सिंदी (रेल्वे) सारख्या गावात आपल्याला कायरोप्रॅक्टर ठाऊक नसतो. ठाऊक असतो तो हाडवैद्य. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने त्याच्या बोटांना बरेच काही कळते. पण बोटांना न कळणारेही काही असते, आणि आपल्या देशात त्यातील मोठी गोष्ट म्हणजे मणक्याचा क्षयरोग.

क्षय फक्त फुप्फुसांना होतो असे पुष्कळांना वाटते. त्याचे जंतू रक्तातून मणक्यातही पोहोचतात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पॉटचा रोग’ म्हणतात. जंतू मणक्याचा पुढचा भाग हळूहळू पोखरतात. मणका पुढून खचतो आणि पाठीला कुबड येते. पण त्याआधी कित्येक महिने नुसती पाठ दुखत असते! बाहेरून धड दिसणारा पण आतून वाळवीने खाल्लेला वासा डोळ्यांपुढे आणा. त्यावर कोणी जोराने दाब दिला तर काय होईल? खचलेला मणका मज्जारज्जूवर येऊन पाय लुळे पडू शकतात. उलट, वेळीच ओळखला तर हा रोग अनेक महिने नियमित औषधे घेऊन बरा होतो, आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

मग ओळखायचे कसे? येथे महागडे यंत्र लागण्याआधी काही साधे प्रश्न कामी येतात. संध्याकाळी बारीक ताप येतो का? वजन घटले आहे का? रात्री पडून राहिल्यावरही दुखणे थांबत नाही का? पडल्यावर किंवा मार लागल्यावर दुखणे सुरू झाले का? पूर्वी कर्करोग झाला होता का? पाय जड किंवा बधिर झाले आहेत का? लघवी अडते किंवा नकळत होते का, बैठकीची जागा बधिर वाटते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ‘घोड्याचे शेपूट’ दाबले जात आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणखी एक लक्षात ठेवा : लहान मुलाची पाठ सतत दुखत असेल, तर ती दाबून न देता डॉक्टरांना दाखवावी.

हे प्रश्न विचारणारी माणसे आपल्याजवळ आहेत. उपकेंद्रात परिचारिका असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे सुधारण्याची योजना जाहीर केली. तेव्हापासून अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आले. ते नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेले असतात आणि त्यांना आणखी सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिलेले असते. गरज पडल्यास ते ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. भारतात नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण मुख्यतः अतिदक्षता विभाग आणि बाळंतपण या क्षेत्रांसाठी सुरू झाले आहे, पाठदुखीसाठी नाही. त्यामुळे ही पहिली चाळणी उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हाती आहे. पुढच्या उपचारासाठी सिंदीच्या रुग्णाला फार दूर जावे लागत नाही. वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीने सेलू रोड मागे टाकले की सेवाग्राम येते. तेथील कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली.

म्हणून घरात कोणाला उसण भरली, तर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे : आधी प्रश्न, मग हात. वरचे प्रश्न तुम्हीही आजी-आजोबांना विचारू शकता. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर मालीश किंवा झटका थांबवा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.

जाता जाता एक प्रयोग. सकाळी अंथरुणातून उठताच भिंतीला पाठ लावून आपली उंची मोजा. रात्री झोपण्यापूर्वी त्याच भिंतीपाशी, अनवाणी पायांनी पुन्हा मोजा. रात्रीची उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरेल. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर त्या ते परत शोषून घेतात. एक आठवडा रोजची मापे वहीत लिहा. सुट्टीच्या दिवशी आणि खूप खेळलेल्या दिवशी फरक पडतो का, तेही पाहा.