वायुकलिल आणि जलवायुमान

वायुकलिल आणि जलवायुमान : हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म घन वा द्रव कणांच्या समूहास वायुकलिल म्हणतात. वाळवंटातील धूळ, सागरी लवण व ज्वालामुखींचे उद्रेक हे त्याचे नैसर्गिक उगम होत. कारखाने, वाहने, चुली आणि शेतातील काडीकचरा जाळणे हे मानवनिर्मित उगम होत.

दगडी कोळसा व खनिज तेल यांतील गंधक जळून सल्फर डाय-ऑक्साइड वायू निर्माण होतो व हवेत त्यापासून सल्फेटाचे कण बनतात. हे कण सूर्यप्रकाशाचा काही भाग विखरून अवकाशात परत पाठवितात. त्यामुळे भूपृष्ठास कमी उष्णता मिळते. मेघबिंदूही अशा कणांभोवतीच तयार होतात. कण वाढले म्हणजे ढगातील तेवढेच पाणी अधिक, पण लहान बिंदूंत विभागले जाते आणि ढग जास्त प्रकाश परावर्तित करतो. हा परिणाम शॉन टूमी यांनी १९७० नंतरच्या दशकात विशद केला. फिलिपीन्समधील पिनाटूबो ज्वालामुखीच्या १९९१ मधील उद्रेकानंतर सल्फेटाच्या कणांमुळे पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते सु. ०·५° से. ने उतरले होते.

काजळीचे कार्य याच्या उलट असते. ती सूर्यप्रकाश शोषून सभोवतालची हवा तापविते. तसेच हिमालयासारख्या प्रदेशात बर्फावर साचून ते वितळण्याचा वेग वाढविते. तथापि एकंदरीत वायुकलिलाचा परिणाम शीतकारकच ठरतो. जलवायुमान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०–१९०० या काळाच्या तुलनेने २०१०–१९ या दशकात हरितगृह वायूंमुळे १ ते २° से. तापमानवाढ झाली असावी. तर मुख्यत्वे वायुकलिलामुळे ० ते ०·८° से. घट झाली असावी. म्हणजेच तापमानवाढीचा काही भाग या कणांनी झाकून ठेवला आहे.

हे आवरण अल्पजीवी असते. खालच्या वातावरणातील कण पावसाबरोबर काही दिवसांत वा आठवड्यांत खाली येतात. कार्बन डाय-ऑक्साइडाचा मोठा भाग मात्र शतकानुशतके हवेत टिकतो. त्यामुळे हवा स्वच्छ होताच झाकलेली तापमानवाढ प्रकट होऊ लागते. उदा., जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३·५ टक्क्यांवरून ०·५ टक्क्यावर आणल्याने सागरी मार्गांवरील सल्फेटाचे प्रमाण घटले व तेथील ढगांची शुभ्रता कमी झाली. तथापि हेच कण श्वसनाचे व हृदयाचे विकार आणि अकाली मृत्यू यांस कारणीभूत होत असल्याने प्रदूषण राखणे हा उपाय होऊ शकत नाही. हवेच्या शुद्धीकरणाबरोबरच कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन व काजळी यांचे उत्सर्जन घटविणे आवश्यक ठरते.